बेबीताई बोलतात तेव्हा

बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' हे आत्मकथन वाचून झालं, तरी ते लिहिणारी बाई आपल्याला फारशी कळलेली नसते. वीरगावचा महारवाडा कळतो. आषाढातले देवाधर्माचे दिवस, अंगात आलेल्या बाया, पोतराज, रेड्याचा बळी, घुंगरांची काठी घेऊन गावात भाकरी मागायला निघालेला येसकर आणि त्या काठीचा त्याला वाटणारा अभिमान, हे सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. सरपणाचा भारा घेऊन ब्राह्मण आळीत गेलेल्या बायका दिसतात आणि लाकडाला केस किंवा लुगड्याचा धागा चिकटलेला नाही ना, हे त्यांना पुन्हापुन्हा बघायला लावणारी घरधनीणही दिसते. बाळंतिणीची भूक वाचताना घशाखाली घास उतरत नाही. लेखिकेचं बालपण येतं, शाळेत सोसलेला अपमान येतो, बाबासाहेबांनी पेटवलेली माणसं येतात, लग्नही येतं. त्यानंतरचा तिचा स्वतःचा संसार मात्र जवळजवळ येतच नाही. नवरा कसा होता, दिवस कसा जायचा, हे पुस्तक तिने नेमकं कधी आणि कुठे बसून लिहिलं, याबद्दल लेखिका गप्प आहे.

ही गप्प राहिलेली जागा पुढे एका मुलाखतीत बोलती झाली. माया पंडित यांनी 'जिणं आमुचं'चा इंग्रजी अनुवाद केला. तो 2008 मध्ये ओरिएंट लाँगमनने 'द प्रिझन्स वी ब्रोक' या नावाने काढला. त्या आवृत्तीच्या शेवटी अनुवादिकेने बेबीताईंशी केलेली बातचीत छापली आहे. पानं मोजकीच, पण मराठीतल्या लेखिकेच्या लिहित्या आयुष्याबद्दल इतकं थोडक्यात इतकं काही सांगणारी दुसरी मुलाखत माझ्या वाचनात नाही. ती परिशिष्ट म्हणून चाळून सोडून द्यायची गोष्ट नाही. कादंबरी किंवा कविता जशी ओळीओळीने वाचतो, तशी ती वाचायला हवी.

आधी विचारणारीबद्दल. लेखकाची मुलाखत घेणारे बहुतेक जण पुस्तक एकदा वाचून आलेले असतात. अनुवादिकेचं तसं नसतं. तिने प्रत्येक वाक्य स्वतःच्या हाताने पुन्हा रचलेलं असतं. कुठे लेखिका तपशिलात रमली आणि कुठे पटकन पुढे सरकली, हे तिला ठाऊक असतं. या मुलाखतीतले प्रश्न म्हणूनच पुस्तकात जे नाही, त्याकडे थेट जातात. 'तुमच्या प्रेरणा कोणत्या' असला सभेतला प्रश्न घोळत बसत नाही. हे सगळं लिहिलंत कसं, इतकी वर्षं कुणाला का दाखवलं नाहीत, आणि समाजातल्या बायांच्या हालांवर इतकं लिहिलंत तर स्वतःच्या संसाराबद्दल का नाही, असं ही बाई समोरच्या बाईला सरळ विचारते. उत्तरंही तितकीच सरळ येतात. बोलणं अर्थातच मराठीत झालं असणार. छापील इंग्रजीच्या आडून बेबीताईंचा स्वर ऐकू येतो, याचं श्रेय त्यांच्या वाक्यांच्या छोट्या, ठाम घडणीला आहे आणि ती घडण न मोडणाऱ्या अनुवादिकेलाही.

लिहिण्याची गोष्ट दुकानापासून सुरू होते. पोट भरायला काहीतरी धंदा करू या, हे नवऱ्याला बेबीताईंनीच सुचवलं. सुरुवात द्राक्षं विकण्यापासून झाली, मग भाजीपाला आणि मग तेल-मीठ-किराणा. फलटणला वस्तीतच छोटं दुकान, गिऱ्हाईकही आपल्याच माणसांचं. माल बांधून द्यायला रद्दी लागते. गल्ल्यावर बसल्या बसल्या बेबीताई त्या रद्दीतली वर्तमानपत्रं वाचू लागल्या. तेरा वर्षांच्या वयात लग्न झालेल्या आणि शाळा मागे सोडून आलेल्या मुलीचं वाचन पुढ्यात आलेल्या बातमीच्या अर्ध्यामुर्ध्या तुकड्यांवर पुन्हा सुरू झालं. पुढे त्या वाचनालयातून पुस्तकं आणू लागल्या. नवरा माल आणायला बाजारात गेला की वही बाहेर निघायची. तो यायच्या आत ती पुन्हा दडवून ठेवायची, जुन्या कागदांखाली किंवा कुणाचा हात सहज जाणार नाही अशा सांदीकोपऱ्यात. वीस वर्षं हे असं चाललं.

जगभरच्या साहित्यिक मुलाखतींत एक प्रश्न ठरलेला असतो: तुम्ही कधी लिहिता, कुठे बसून लिहिता, कशाने लिहिता? 'पॅरिस रिव्ह्यू' या त्रैमासिकाने 1953 पासून या प्रश्नाला जवळपास विधीचं रूप दिलं. तिथे टोनी मॉरिसन पहाटे उजाडायच्या आत कॉफी घेऊन प्रकाश येताना बघत बसल्याचं सांगतात. माया अँजेलू हॉटेलात खोली घेऊन तिथे लिहायला जात असल्याचं सांगतात. मी त्या मुलाखती प्रेमाने वाचल्या आहेत. मॉरिसन यांची पहाटही फुरसतीची नव्हतीच. दोन मुलं आणि प्रकाशनसंस्थेतली नोकरी सांभाळून त्यांनी ती काढली होती. पण तिथे लेखिका आपली वेळ निवडते, निदान तशी निवडल्याचं सांगू तरी शकते. बेबीताईंच्या उत्तरात लिहिण्याची वेळ नवऱ्याच्या बाजाराच्या फेरीने ठरते, जागा गिऱ्हाइकाने ठरते आणि वाचायचा मजकूर कुठून फाटला असेल त्यावर ठरतो. एवढ्या एका उत्तरात आपल्याला बाईच्या लिहिण्याचं सगळं अर्थशास्त्र मिळतं. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, या उत्तरात तक्रारीचा सूर कुठेच नाही. द्राक्षांपासून किराण्यापर्यंतचा प्रवास त्या ज्या तपशिलाने सांगतात, त्यात धंदा उभा केल्याचा साफ अभिमान आहे. दुकान हे त्यांच्यासाठी लिहिण्याच्या आड आलेलं काम नव्हतं. दुकान नसतं तर रद्दी नसती आणि रद्दी नसती तर ही लेखिकाच नसती.

लपवून लिहिणं मराठी बाईला नवीन नाही. 1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा विभावरी शिरूरकर कोण, या शोधाने महाराष्ट्र हलला होता. मालतीबाई बेडेकरांनी नाव लपवलं, मजकूर मात्र छापून लोकांसमोर ठेवला. शिकलेल्या घरातल्या बाईला निदान तेवढी सोय होती. नाव झाकलं की वाक्यं मोकळी व्हायची. बेबीताईंना वहीच झाकावी लागली. ज्याने वाचू नये असं वाटत होतं, तो त्याच चार भिंतींत राहत होता. पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या भीतीने टोपणनाव घेणं आणि घरातल्या माणसाच्या भीतीने कागद दडवणं, या दोन भीतींची जात वेगळी आहे. या मुलाखतीशिवाय ती दुसरी भीती मराठी साहित्याच्या इतिहासात इतक्या स्पष्टपणे नोंदली गेली नसती.

आता त्या उत्तराकडे येतो, ज्यासाठी ही मुलाखत पुन्हापुन्हा वाचावीशी वाटते. पुस्तकात तुमचं स्वतःचं दुःख का नाही, या दिशेने अनुवादिका प्रश्न नेते. बेबीताईंच्या उत्तरातला वाक्यांचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी त्या नवऱ्याला न्याय देतात: माणूस चांगला होता, पण त्या काळातल्या सगळ्या पुरुषांसारखाच होता, बाईला कमीच लेखणारा. बाईने लिहिणं त्याला सहन झालं नसतं. एवढं सांगून झाल्यावरच मारहाण येते. संशयाची मारहाण. एकदा ती दोघं मुंबईला सभेला निघाली होती. डब्यात गर्दी, काही तरुणांची नजर बेबीताईंकडे गेली, आणि नवऱ्याने इतकं जोरात मारलं की नाकातून रक्त वाहू लागलं. परतीच्या गाडीतही मार चालूच राहिला.

बेबीताई यावर एकही शेरा मारत नाहीत. पण वाचणाऱ्याने त्या प्रसंगातल्या एका शब्दावर थांबायला हवं: सभा. नवरा-बायको जोडीने चळवळीच्या कामाला निघाली आहेत. बाबासाहेबांनी बायांना सभांना बोलावलं, मुलांना शिकवायला सांगितलं, ताठ मानेने जगायला सांगितलं. पुस्तकात बेबीताईंनी तो काळ इतक्या भक्तीने लिहिला आहे की आपणही त्या भारावलेपणात वाहून जातो. त्याच सभेच्या वाटेवर, आगगाडीच्या डब्यात, हा मार आहे. त्यामुळे चळवळ खोटी ठरत नाही आणि बेबीताईंची भक्तीही खोटी ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या एकाच प्रवासात खऱ्या होत्या, आणि तिने त्या तशाच शेजारी शेजारी ठेवल्या. हे धैर्य मला कथनाचं धैर्य वाटतं. कुठल्याही बाजूला ओढून प्रसंगाचा अर्थ लावून देण्याचा मोह त्यांनी टाळला.

मग हे पुस्तकात का नाही? बेबीताईंचं उत्तर असं की, असं आयुष्य तर बहुतेक बायांचंच होतं. सगळ्याच सोसत असताना आपलंच वेगळं काय सांगायचं? आणि समाजाचं दुःख आपल्या एकटीच्या दुःखापेक्षा मोठं होतं. हे वाचून आजचा वाचक चटकन एक निष्कर्ष काढतो: बिचारीला स्वतःबद्दल बोलताच आलं नाही, समाजाच्या नावाखाली तिने स्वतःला पुसून टाकलं, आणि खरी बेबीताई पुस्तकात नसून या मुलाखतीत आहे. हा निष्कर्ष मला पटत नाही. तो काढणाऱ्याने 'जिणं आमुचं' नीट वाचलेलं नाही, असं मी म्हणेन.

कारण पुस्तकात सासुरवासाचं जे प्रकरण आहे, ते मराठी गद्यातल्या सर्वांत निर्दय पानांपैकी आहे. कोवळ्या वयाच्या सुना, दिवस उगवायच्या आधीपासून मध्यरात्रीपर्यंतची कामं, सासूचे टोमणे आणि मार. पळून जाऊ पाहणाऱ्या मुलीच्या पायात अडकवलेला लाकडी खोडा, त्याने सोलवटलेलं पाऊल. नाकं कापलेल्या सुना. आणि या सगळ्याच्या मुळाशी बेबीताई जे निदान करतात, ते कुठल्याही समाजशास्त्रज्ञाला मान खाली घालायला लावेल: ज्यांना सगळ्या गावाने गुलाम केलं, त्यांना हुकूम चालवायला घरात एक सून तरी सापडली. आपल्याच माणसांच्या क्रूरतेबद्दल इतकं उघडं लिहायला त्या कचरल्या नाहीत. मुलाखत वाचून या प्रकरणाकडे परत गेलं की दिसतं, यातलं एकेक वाक्य मार ठाऊक असलेल्या हाताने लिहिलेलं आहे. लेखिका तिथून गैरहजर नव्हतीच. आपल्या वाट्याचा मार तिने 'आम्ही'मध्ये मिसळला. तिला तो फक्त स्वतःच्या नावाने मांडायचा नव्हता.

ही निवड आहे, आणि कलावंताची निवड आहे, हे शेजारची पुस्तकं बघितली की अधिक कळतं. 1978 च्या 'बलुतं'मध्ये दया पवारांनी स्वतःचे दोन तुकडे केले. शिकलेला, शहरात स्थिरावलेला दया पवार आणि त्याच्याशी बोलणारा दगडू, असा तो संवाद आहे. तिथे 'मी' इतका मोठा प्रश्न आहे की एका माणसात तो मावतच नाही. उर्मिला पवारांचं 'आयदान' 2003 मध्ये आलं तेव्हा शिक्षणाला, लिहिण्याला आणि बाहेरच्या वावराला घरातून झालेला विरोध त्यांनी स्वतःच्या नावाने, थेट, न डगमगता लिहिला. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपात 1986 मध्ये आलं, या दोहोंच्या मधे. त्यातला 'आम्ही' दगडूसारखा दुभंगलेला नाही आणि 'आयदान'मधल्यासारखा एकट्याने उभा राहणारा 'मी'ही तो नाही. शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांकडे एका व्यक्तीच्या चरित्राऐवजी समूहाची साक्ष म्हणून बघायला शिकवलं. ती दृष्टी मला मान्य आहे. माझी भर एवढीच की साक्ष देणाऱ्यालाही काय सांगायचं आणि काय मागे ठेवायचं हे ठरवावं लागतं. त्या ठरवण्यात शैली असते. बेबीताईंची शैली त्यांनी जे मागे ठेवलं त्यानेही घडली आहे.

आणि म्हणून मुलाखतीतला 'मी' ऐकताना माझं लक्ष त्याच्या वागण्याकडे जातं. तो फार वेळ एकटा उभाच राहत नाही. रक्ताची गोष्ट सांगून झाली की दोन वाक्यांत बेबीताई पुन्हा सगळ्या बायांकडे वळतात. त्या स्वतःसाठी सहानुभूती मागत नाहीत, श्रोत्याला थांबू देत नाहीत. विचारणारीने दार उघडलं, त्या आत गेल्या, दाखवायचं ते दाखवलं आणि पाहुणीला घेऊन पुन्हा अंगणात आल्या. पुस्तक आणि मुलाखत यांचा सूर वेगळा वाटतो तो पहिल्या वाचनात. दुसऱ्यांदा वाचताना दोन्हीकडे एकच मन काम करताना दिसतं.

वह्या बाहेर कशा आल्या, हा भाग मुलाखतीत थोडक्यात आहे, पण त्यावर जरा थांबायला हवं. मॅक्सीन बर्नसन फलटणच्या बोलीचा अभ्यास करायला आलेल्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ, पुढे फलटणच्याच झालेल्या. त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतलं, प्रगत शिक्षण संस्था उभी केली, आणि गावाने त्यांना मॅक्सीनमावशी केलं. बेबीताईंच्या घरी त्यांचं जाणं-येणं होतं. ही बाई लिहिते, हे त्यांना कळलं आणि ते लिहिणं छापलं गेलं पाहिजे, हा आग्रह त्यांनी धरला. किर्लोस्करांच्या 'स्त्री' मासिकात ते क्रमशः येऊ लागलं आणि मग पुस्तक झालं. 'स्त्री' 1930 पासून चालत आलेलं, मध्यमवर्गीय घरांत जाणारं मासिक. त्या घरांतल्या बायकांच्या हातात हे लिखाण पडलं, ज्यांच्या आज्या-पणज्या सरपणाच्या भाऱ्यातला केस शोधायला लावत असतील. ही गोष्ट मला या पुस्तकाच्या प्रवासातली सर्वांत मोठी वाटते. फलटणमध्ये शेकडो वर्षं शेजारी राहणाऱ्या कुणी त्या दुकानात बसलेल्या बाईला, तू काय करतेस, काय लिहितेस, असं विचारलं नव्हतं. ते परक्या देशातून आलेल्या बाईने विचारलं. मराठी वाचक म्हणून हे मला अजूनही सलतं.

लेखिकांच्या मुलाखतींचं मोल मला इथे कळतं. बाईने लिहिलं म्हणजे तिचं सगळं सांगून झालं, असं आपण गृहीत धरतो. पण लिहिण्याच्या मागे जे राहतं ते फक्त विचारल्यावरच मिळतं, आणि ते विचारायला वेळेत जावं लागतं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांना शोधून, त्यांच्याशी बोलून 1989 मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं, त्यामागे हीच तगमग होती. त्यातल्या कितीतरी बायांनी स्वतः एकही ओळ लिहिली नव्हती. त्या दोघी गेल्या नसत्या तर त्या आठवणी त्या बायांबरोबरच गेल्या असत्या. बेबीताईंच्या बाबतीतही तसंच म्हणावं लागेल. पुस्तक 1986 चं, मुलाखत छापून आली ती 2008 मध्ये, आणि 21 एप्रिल 2012 रोजी बेबीताई फलटणला वारल्या. पुस्तक आणि मुलाखत यांच्या मधल्या बावीस वर्षांत 'जिणं आमुचं'वर कितीतरी बोललं-लिहिलं गेलं. रद्दीच्या कागदाची गोष्ट आपल्यापर्यंत नीट पोचली ती एका अनुवादिकेने वेळेत विचारलं म्हणून.

मुलाखतीत त्या म्हाताऱ्या बाईचा राग शिल्लक आहे, तोही ऐकावा. शिकून मोठ्या हुद्द्यांवर गेलेल्या आणि मागे वळून न पाहिलेल्या आपल्याच माणसांवर तो आहे. पुस्तकाच्या अखेरीला आशा जास्त होती. इथे हिशेब मागण्याचा सूर आहे. पण हिशेब मागणारीने स्वतःचा हिशेब चुकता केला होता. फलटणजवळ निराधार, वंचित मुलांसाठी तिने निवासी शाळा काढली आणि चालवली. बाबासाहेबांनी मुलांना शिकवा म्हणून सांगितलं होतं, तेवढं तिने शब्दशः ऐकलं.

माझं वाचकाला एकच सांगणं आहे. ही मुलाखत मिळवून जरूर वाचावी, पण 'जिणं आमुचं'च्या नंतर. आधी वाचली तर पुस्तकभर आपण त्या नाकातून वाहणाऱ्या रक्ताच्या खुणा शोधत बसू, आणि वीरगाव आपल्या हातून निसटेल. आधी त्यांच्या 'आम्ही'त राहावं, तिथली भूक, तिथले देव, तिथल्या सुना बघाव्यात. मग मुलाखत, आणि मग पुन्हा एकदा सासुरवासाचं प्रकरण.